हात कीबोर्डवरून काढा

या, पुढे या. मागे उभं राहू नका, माझा आवाज पोचायचा नाही.

मंडळी, मी सुनंदा. सिंगापूरला आल्यापासून श्रीकांतबरोबर एकाच टीममध्ये काम केलं. मला असं चारचौघांत बोलता येत नाही आणि आज तर अंगात त्राणच नाही. आपल्या कुणाच्यातच नाही. गेल्या आठवड्यात आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, समोर ताट असताना त्याच्या छातीत कळ आली आणि संपलं सगळं. तेव्हापासून आपण नुसते धावतोय. हॉस्पिटल, स्मशान, विमानतळ, पुन्हा त्याचं हे घर. रडायलासुद्धा नीट बसलो नाही हो.

श्रीकांत कसा होता? किचकट होता. मेलेला माणूस देवमाणूस असतो, असं मी म्हणणार नाही, त्यालाच हसू आलं असतं. अख्ख्या कंपनीचा डेटा ठेवणारी कपाटाएवढी यंत्रं आम्ही सांभाळायचो. त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर अधूनमधून बदलावं लागतं, म्हणजे फर्मवेअर. आम्हाला घाई नव्याची. याचं एकच तुणतुणं, "आधी मागे येऊन दाखवा, मग पुढे जा." जुनं सॉफ्टवेअर परत बसतंय हे चाचणीच्या यंत्रावर बघितल्याशिवाय हा खऱ्या यंत्राला हात लावू द्यायचा नाही. वैताग यायचा. मी तोंडावर सांगितलंय त्याला, "श्रीकांत, तुझ्यामुळे आमचे सगळे रविवार वाया गेले." तर म्हणे, "जाऊ देत गं. रविवार परत येतो."

आणि त्याची ती सवय. प्रत्येक कामात एक पायरी अशी असते, की तिच्यापुढे गेलं की मागे येता येत नाही. त्या पायरीवर तो सगळ्यांना थांबवायचा. "हात कीबोर्डवरून काढा." पूजेला बसल्यासारखे हात मांडीवर. आणि मग विचारायचा, "परतायचं असेल तर आत्ता बोला."

एका चिनी नववर्षाची गोष्ट. क्वीन्सटाउनजवळचं एक मोठं ऑफिस, सगळं बंद, म्हणून कामासाठी आम्हाला ती सुट्टी मिळालेली. यंत्राचे दोन कंट्रोलर, म्हणजे त्याचे दोन मेंदूच. पहिल्यावर नवं फर्मवेअर चढलं, पण मधूनच त्याला काही डिस्क दिसेनात. दिसायच्या, जायच्या, परत दिसायच्या. पुढची पायरी डेटाची मांडणीच बदलणारी. ती झाली की जुन्या सॉफ्टवेअरला त्यातलं काही वाचता येणार नव्हतं. तिथले मॅनेजर मिस्टर लिम घड्याळ दाखवत मागे उभे. "ऑलमोस्ट डन ऑलरेडी! कॅरी ऑन लाह!"

श्रीकांत म्हणाला, "हात काढा."

काढले. मी त्याच्या कानाशी कुजबुजले, "अरे, नोकरी जाईल तुझी. तुझ्या नोकरीच्या पासवर बायको-मुलगी राहतात इथे, वंदना आहे, ईशा आहे." तो म्हणाला, "ते कळतंय गं. पण इथे कुणालाच खात्री नाहीये." आणि जुनं सॉफ्टवेअर परत चढवलं. लिमसाहेब जे बोलले, ते मी इथे सांगत नाही. पुढे बनवणाऱ्यांनीच ती आवृत्ती मागे घेतली. लिमसाहेबांनी माफी वगैरे काही मागितली नाही. एक दिवस येऊन श्रीकांतच्या टेबलावर दोन संत्री ठेवली, नववर्षाला इथे मानाने देतात तशी, आणि निघून गेले.

आता मला जे बोलायचंय ते बोलते. राग आला तर येऊ द्या.

गेल्या चार दिवसांत आपण सगळ्यांनी वंदनासाठी खूप केलं. कुणी सामान पॅक करणारे ठरवले, कुणी पुण्याची तिकिटं बघितली, कुणी फ्लॅटच्या मालकाशी बोलून आलं. आणि उद्या सकाळी शाळेत जाऊन ईशाचं नाव काढायचं ठरलंय म्हणे. यंदा तिची ओ लेव्हल आहे, म्हणजे इथली दहावीच. अहो, शाळेतली ही जागा एकदा सोडली की परत मिळत नाही! मायेनेच करताय, ठाऊक आहे मला. मीही त्यातलीच, खोकी मीच आणलीत.

पण आज सकाळी चहा करताना वंदना मला म्हणाली, "सुनंदा, जायचं की राहायचं, मला कुणी विचारलंच नाही गं." आणि ईशा दारातून म्हणाली, "मी टू, आंटी."

श्रीकांत गेला म्हणून पास संपणार, हे खरं. पण आज संपत नाही. मुदत आहे थोडी. ईशाला स्वतःचा विद्यार्थी पास मिळतो का, ते विचारता येईल. परीक्षेपर्यंत माझ्या घरी खोली आहे. आणि पुण्यालाच जायचं ठरलं, तर खोकी आहेतच. पण ठरवेल वंदना. उद्या सकाळी शाळेत कुणीही जाणार नाही. मी दारात बसेन, सांगून ठेवते.

आता उभे राहूया. फोन खिशात ठेवा. हातातले कागद, पेले, सगळं खाली ठेवा. हात मोकळे सोडा. थोडा वेळ कुणी काही बोलायचं नाही, कुणी काही सुचवायचं नाही.

वंदना, तू बसूनच राहा. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा बोल. आज नाही वाटलं तर उद्या, परवा.

श्रीकांत, बघ रे. सगळ्यांनी हात काढलेत.