मोहाची सावली आणि सौर पंप

मी मूळचा धडगावच्या पलीकडचा, नदीकाठच्या डोंगरातला, पावरा आदिवासी. लहान होतो तव्हा दोन माणसं टेप घेऊन आमच्या शेतात आली, बापानं त्यांले खाट टाकली, भाकर दिली, मोजा म्हणे, आरामात मोजा. त्यांनी दगडांवर चुन्याच्या खुणा केल्या अन् गेले, मग काय सांगू तुमले, धरणाचं पाणी चढलं ते त्या खुणांच्याही वर. आमचं घर गेलं, आम्हाले ट्रकात बसवून इकडं सपाटीवर आणून टाकलं. बापानं फडक्यात मोहाच्या बिया बांधून आणल्या होत्या, त्यातली एकच रुजली, विहिरीजवळ. आमचे वाडवडील तिकडं पाण्याखाली राहिले ना, म्हणून त्यांच्या नावाची दारूची धार आम्ही याच झाडाच्या बुडाशी टाकतो. बापाच्या नावाचीही आता तिथंच.

तर पोरानं मोबाइलवरून सौर पंप मागितला, मले विचारलंही नही. एक दिवस पाहतो तर शेतात दोन माणसं, हातात टेप! विहिरीजवळ खुंट्या ठोकून बसले होते, मी त्यांच्या देखत उपटून फेकल्या. पोरगा म्हणे बाबा, सरकार देतंय, दिवसा पाणी भेटेल, मी म्हटलं धरणाच्या वेळीही देतोच म्हणत होते. त्यातला इंजिनियर गोड बोलणारा, काका म्हणे, झाडाची सावली सौर प्लेटांवर पडेल, झाड काढावं लागेल. घ्या! मी पोराले म्हटलं, पाहिलं का, आधी झाड, मग शेत.

शेताची लाइट रात्रीच यायची. त्या लायटीवर पाणी भरायला बायको यायची मन्हासंगे, बॅटरी धरून, एकदा तिच्या पायावरून साप गेला, तव्हापासून तिले झोप नव्हती. ती म्हणे, झाडाले हात लावू देऊ नका, पण पंप परत पाठवू नका.

मग काय करू? मीच चालत शेताच्या मधोमध गेलो, मिरची सगळ्यात चांगली येते त्या काळ्या जागेवर उभा राहिलो, म्हटलं इथवर सावली येत नही, ठोका खुंट्या इथं. इंजिनियर म्हणे काका, भारी जमीन जाईल. मी म्हटलं जाऊ दे, मी देतोय ना, तुम्ही नेत तर नही.

आता पंप भर दुपारी चालतो, बायको रात्री झोपते, खोटं कशाले बोलू, ज्यानं दिलं त्याचं भलं होवो. पण रस्त्यावर अनोळखी गाडी थांबली ना, की अजून हातातलं काम टाकून मी मोहाखाली जाऊन उभा राहतो.