‘दो किनारों का वादा’च्या नव्या आवृत्तीतून पत्नी गायब झाल्याबाबत

नाव वासुदेव अंबादास सोनटक्के, वय साठ, धंदा हॉटेलच्या किचनला लागणारी भांडी व यंत्रे पुरवण्याचा, राहणार अल मनखूल, बर दुबई, मूळ गाव अकोला.

मी वरील पत्त्यावर पत्नी कुंदा हिच्यासह राहतो व विचारल्यावरून स्वतः येऊन सांगतो की, मला अरबी कामापुरती येते, म्हणून हा जबाब मी मराठीत देत असून दुभाषी श्री. विलास तो अधिकारी साहेबांना सांगत आहेत.

शुक्रवारी संध्याकाळी मी याच ठाण्यात चोरीची तक्रार दिली होती. घरातून एका सिनेमाच्या सहा प्रती गेल्या असून आमच्या बिल्डिंगचा वॉचमन अक्रम याच्यावर संशय आहे, असे मी सांगितले होते. ती तक्रार चुकीची आहे. अक्रमने काहीही चोरलेले नाही. सहाही डब्यांत एकच सिनेमा कसा, असे साहेबांनी विचारले व ते थोडक्यात सांगता येईना, म्हणून सविस्तर सांगतो.

‘दो किनारों का वादा’ हा हिंदी सिनेमा त्र्याण्णव साली काही दिवस दुबईत शूट झाला. आमचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. खाडी ओलांडणाऱ्या अब्रा होड्या जिथे लागतात त्या धक्क्यावर नायक-नायिका रडत निरोप घेतात असा सीन आहे. त्यांच्या मागे बाकावर हिरव्या साडीतली एक बाई समोसा खाताना दिसते. ती कुंदा आहे. कॅमेरा चालू असल्याचे तिला कोणी सांगितले नव्हते. आम्हाला ते थिएटरात कळले. कुंदाने पदराने तोंड झाकले ते मध्यंतरापर्यंत काढले नाही.

पुढे मुंबईच्या कंपनीने या सिनेमाची कॅसेट काढली. टीव्हीच्या आकारात बसावे म्हणून चित्र दोन्ही बाजूंनी कापले होते. त्यात कुंदाचा फक्त हात व समोसा येतो. मग व्हीसीडी आली, पण पहिली डिस्क काढून दुसरी घालायची वेळ नेमकी धक्क्याच्या सीनलाच येत असे. डीव्हीडीत चित्र पूर्ण रुंदीचे होते व कुंदा अख्खी दिसली. ती आम्हाला पुरेशी होती. परंतु कंपनीने नंतर ज्युबिली आवृत्ती काढली, तिच्यात चित्र तेच होते, डब्याला मखमल होती. ब्लू-रेमध्ये कुंदाच्या हनुवटीवरची चटणी स्पष्ट झाली. त्यानंतर रंग सुधारून काढलेल्या आवृत्तीत तिची हिरवी साडी निळी झाली. साडी निळी नव्हती असे कंपनीला ईमेल करून कळवा, असे कुंदाने मला सांगितले व मी कळवले. उत्तर आले नाही. प्रत्येक डब्यावर ‘शेवटची व परिपूर्ण आवृत्ती’ असे छापलेले असे. मी प्रत्येक वेळी घेतली.

यावरून कुंदा मला बोलत असे. “अहो, तुमची ती नायिका आता नातवंडांना शाळेत सोडते, आणि तुम्ही अजून तिच्यासाठी पार्सलं मागवताय,” असे तिचे म्हणणे असे. पाहुण्यांसमोर तो सीन लावू नये अशीही तिची ताकीद होती. मी लावत असे.

साहेबांनी विचारले की, मग खरे कारण काय. आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट अकोल्याच्या घरी बुरशी लागून गेली. कुंदाचे त्या वयातले हलते-बोलते चित्र दुसरीकडे कुठेही नाही. हे मी कुंदाला कधी सांगितलेले नाही. नायिकेबद्दलची तिची समजूतही मी दूर केली नाही. कुंदा बाहेर बाकावर बसली असल्याने हे वाक्य जबाबातून वगळता येईल का, असे मी विचारले. येत नाही, असे सांगण्यात आले.

गुरुवारी कुरियरने सातवी आवृत्ती आली. हिच्यावरही शेवटची असे लिहिले होते. शुक्रवारी माझा मुलगा प्रणव व सून पर्णिका अबुधाबीहून आले. प्रणव तिथे बँकेत आहे. जेवणाआधी आम्ही चौघे सिनेमा लावून बसलो. धक्क्याचा सीन आला. धक्का होता, पाणी होते, बाक होता. बाकावर कोणी नव्हते.

मी मागे घेऊन पुन्हा लावला. तेच दिसले. प्रणव म्हणाला, “बाबा, दे क्लीन्ड अप द बॅकग्राउंड. सगळं कॉम्प्युटरवर होतं आता.” हिरो-हिरॉइनवरून लक्ष उडू नये म्हणून मागची माणसे काढली असावीत, असे त्याने समजावले.

कुंदा म्हणाली, “बरं झालं. सुटले एकदाची.” आणि ती चहा करायला गेली. चहात साखर नव्हती. सगळ्यांनी प्यायला.

जुनी प्रत लावून पाहावी म्हणून मी कपाट उघडले तर तो कप्पा रिकामा होता. मी कुंदाला हाक मारून विचारले, “डबे कुठे गेले?” किचनमध्ये नळ चालू होता. तिला ऐकू गेले नसावे असे मी धरले. तेवढ्यात प्रणवला आठवले की, येताना अक्रम लिफ्टमध्ये आमच्या भांड्यांच्या कंपनीचे नाव छापलेले खोके घेऊन उतरत होता. मी कोणाशी अधिक न बोलता टॅक्सीने येथे आलो. प्रणव जिन्यापर्यंत मागे आला व म्हणाला, “बाबा, प्लीज, इट्स जस्ट अ मूव्ही.” मी थांबलो नाही.

येथे मी टेबलावरच्या साहेबांना हिंदीत म्हणालो की, मेरी वाइफ गायब है. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवले व तिचा फोटो मागितला. पिक्चरमधून गायब आहे हे सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. नंतर मी चोरीचे सांगितले व अक्रमचे नाव दिले. अक्रम आमच्याकडे अकरा वर्षे आहे. कुंदाचा गुडघा दुखत होता तेव्हा महिनाभर त्याने आमचे सामान वर आणून दिले होते. हे मी तेव्हा सांगितले नाही.

शनिवारी सकाळी अक्रमला येथे बोलावले गेले. ही बातमी दुसऱ्या मजल्यावरच्या मरियमबी यांनी वर येऊन कुंदाला सांगितली. मरियमबी हैदराबादच्या आहेत व एकट्या राहतात. मी येथेच, अक्रमसमोर बसलो होतो. कुंदा आली ती सरळ टेबलाशी गेली. “साब, वो डिब्बे मैंने दिए,” ती म्हणाली. “इसको घर जाने दो.”

का दिले, असे साहेबांनी विचारले.

“नया आ गया था. उस पे लिखा था आखिरी. मुझे लगा, खलास, अब एक ही काफी है.”

मग रात्री पतीला का सांगितले नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, “इनका मुँह देखा. फिर बोला नहीं गया.”

मी उठून अक्रमची माफी मागितली. तो म्हणाला, “कोई बात नहीं, साहब.” पण माझ्याकडे पाहिले नाही. कुंदाला सलाम करून तो गेला.

दुपारी आम्ही नवराबायको त्याच्या खोलीवर गेलो. कुंदा म्हणाली, “आता बोलायचं तुम्ही. मी नुसती उभी राहते.” मी सांगितले की, माझी मोठी चूक झाली व हे मी पोलिसांत लिहून देईन. अक्रम म्हणाला, “साहब, आप मुझसे पूछ लेते.” त्याने आम्हाला बसायला सांगितले व चहा दिला. मग खोक्याचे काय झाले ते त्याने आपणहून सांगितले. तो ते रिसायकलिंगला नेत असताना मरियमबींनी चमकणाऱ्या डिस्क काढून घेतल्या होत्या. कॅसेट त्याच्याकडेच होती, ती त्याने परत दिली. आमच्याकडे ती लावायला मशीन नाही.

डिस्क मरियमबींच्या बाल्कनीत कबुतरे हाकलण्यासाठी सुतळीने टांगलेल्या होत्या व वाऱ्यावर फिरत होत्या. मरियमबींनी त्या देण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, “कितने बरस बाद कल पहली बार मेरी चादर साफ सूखी है. सोनटक्के साहब, पिक्चर तो आप दस दफा देख चुके.” मी चार-पाच वेळा विनंती केली. कुंदा वर गेली व सातवी आवृत्ती घेऊन आली. तिने डब्यातून डिस्क काढली, उन्हात धरली आणि म्हणाली, “ये लो, मरियमबी. इसके साथ तीन डिस्क और हैं, इंटरव्यू वगैरा. सब नई हैं, ज़्यादा चमकती हैं.” मरियमबींनी चारही डिस्क उलटून-पालटून पाहिल्या व अदलाबदल मान्य केली. अक्रमने स्टुलावर चढून जुन्या सोडल्या व नव्या बांधल्या. सदर आवृत्तीचा तिथे चांगला उपयोग होत आहे.

संध्याकाळी ब्लू-रे धुऊन, पुसून लावली. तिच्यावर ओरखडे पडले असून ती धक्क्याच्या सीनला अडकली. कुंदा बाकावर, हातात समोसा, हसताना, आणि चित्र पुढे जाईना. प्रणव पुन्हा पुसायला उठला. कुंदा म्हणाली, “राहू दे थोडा वेळ.” ती चष्मा लावून टीव्हीजवळ गेली व उभ्यानेच पाहत राहिली. हनुवटीवर चटणी असल्याचे तिने स्वतः कबूल केले.

पर्णिका म्हणाली, “आई, हू आर यू लाफिंग अॅट? तुम्ही कुणाकडे बघताय तिथे?”

कुंदाने मागे न वळता माझ्याकडे बोट केले.

साहेबांनी विचारले म्हणून खुलासा करतो की, त्या वेळी माझा एक पाय होडीत व एक धक्क्यावर होता, आणि होडी निघाली होती. मी चित्रात नाही. मी कोणत्याही आवृत्तीत नाही.

माझी विनंती आहे की, अक्रमच्या नावावर या प्रकरणाची कोणतीही नोंद राहू नये. मरियमबींविरुद्ध माझी तक्रार नाही. पत्नीविरुद्ध नाही. सिनेमा कंपनीविरुद्ध आहे, परंतु ती येथे घेता येणार नाही असे सांगण्यात आले. कंपनीने पुढच्या वर्षी आठवी आवृत्ती जाहीर केल्याचे प्रणवकडून कळले. ती घेऊ नये असे माझे मत आहे. कुंदाने काल जेवणानंतर प्रणवकडून त्या आवृत्तीची आगाऊ नोंदणी करून घेतली. तिचे म्हणणे, “बघू या, मला परत बसवलं असेल तर.”

एवढाच माझा जबाब आहे. श्री. विलास यांनी तो मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. वाचते वेळी माझ्या संमतीने पत्नीला आत बोलावण्यात आले होते व तिने तो शेवटपर्यंत ऐकला. मी बोललो तेच यात उतरले आहे, कमी-जास्त काही नाही. माझ्या सहीखाली पत्नीनेही आपणहून सही केली आहे.