पहिलं विधान पुसून

सर: मॅडम, चाळीस वर्षं गणित शिकवलंय मी. माझीही परीक्षा घेणार?

बाई: आमच्या क्लासचा नियमच आहे, सर. शिकवायला येणाऱ्यानं आधी फळ्यावर एक गणित सोडवायचं. घ्या खडू. दोन अंकी संख्या, दोन्ही अंक मूळ संख्या. संख्या कोणती? विधान एक: ती संख्याही मूळ आहे. विधान दोन: अंकांची बेरीज पाच. उत्तर काढायला कोणतं एक विधान पुरेसं आहे, की दोन्ही लागतात?

सर: हे गणित तर माझं आहे. तुम्हाला कुठं मिळालं?

बाई: तुमच्याच वर्गात. खिडकीजवळचा तिसरा बाक.

सर: म्हणजे तू... त्या कॉपी करणाऱ्याची बहीण?

बाई: बघा, अजून तेच आठवतं तुम्हाला. मी लिहिलं होतं, दोन्ही विधानं लागतात. तुम्ही फुली मारलीत. दुसरं एकटं पुरे म्हणे, उत्तर तेवीस. मी म्हटलं, बत्तीसही होतं की. तर म्हणालात, भावाच्याच वळणावर गेलीस, कुणाचं बघून लिहिलंस? भर वर्गात दप्तर दाराबाहेर ठेवलंत. त्यानंतर दोन वर्षं आईनं मला शाळेचं तोंड बघू दिलं नाही.

सर: दुसरं विधान वाचताना पहिलं डोक्यातून पुसायचं असतं. माझ्या डोक्यात ते तसंच राहिलं, म्हणून मूळ नसलेलं बत्तीस मी सोडून दिलं. बेरीज पाच म्हटल्यावर बत्तीसही चालतं. तुझंच बरोबर होतं.

बाई: माझ्याकडे बघतानाही भावाला पुसलं नाहीत. माझं बरोबर होतं, हे कळलं कधी?

सर: त्याच दिवशी संध्याकाळी. पेपर पुन्हा तपासला होता.

बाई: त्याच दिवशी?

सर: पोरांसमोर तोंडघशी पडायचं जिवावर आलं. उद्या बोलावू, परवा बोलावू, करत राहून गेलं.

बाई: आणि मी समजत होते, तुम्हाला कळलंच नसेल. त्यावर निम्मा राग गिळला होता मी.

सर: पोरी, निवृत्त झाल्यापासून घर खायला उठतं. पगार नको, फळा दे फक्त.

बाई: पोरी म्हणू नका. शेवटचं गणित. या माणसाला फळा द्यायचा का? विधान एक: त्याला गणित उत्तम येतं. विधान दोन: चूक कळूनही त्यानं त्या मुलीला परत बोलावलं नाही.

(खडू खाली ठेवल्याचा आवाज.)

सर: दुसरं एकटं पुरे आहे.

बाई: या वेळी बरोबर, सर.