आधी काढून बघावेत

बँकेत पैसे ठेवायचे तर आधी थोडे काढून बघावेत, असं मी म्हटलं की सगळे हसतात. हसा बापडे! वाघोलीची खानावळ विकली, तेव्हा जन्मभर पोळ्या लाटून उभं केलेलं सगळं एका चेकवर आलं. मुलगा म्हणाला, “आई, नवीन बँक बचत खात्यालाच घसघशीत व्याज देतेय. सगळे तिथेच टाक.”

मी म्हटलं, “थांब. मी शितावरून भाताची परीक्षा करते.”

त्या बँकेत आणि कोपऱ्यावरच्या जुन्या बँकेत मी पाच-पाच हजारांची खाती उघडली. आठवड्याने दोन्हीकडे थोडे पैसे परत मागितले. जुन्या बँकेतली बाई मान वर न करता म्हणाली, “मोजून घ्या. पुढचे कोण?”

नव्या बँकेत मात्र साहेबांनी केबिनमध्ये बसवून चहा मागवला. “आजी, इतक्यात कशाला काढताय? घरी विचारलंत का?”

“घरी मलाच विचारतात.”

“तरी उद्या मुलाला घेऊन या ना.”

“ठेवताना नाही लागला तो मुलगा?”

पैसे घेऊनच उठले, आणि चेक जुन्या बँकेत भरला. व्याज कमी मिळतं, पण झोप छान लागते. परवा त्या साहेबांचा फोन आला. “आजी, अजून विचार करा. आमचं व्याज जास्त आहे.”

म्हटलं, “असेल हो. व्याज तुमचं आहे, पण मुद्दल माझं आहे.”