दोन ठेवून द्या

– ते चॉकलेट आधी मुठीत घ्या मॅडम, तिला दिसलं तर माझी सगळी मेहनत पाण्यात! ऐकू येतंय मला, बहिरी न्हाय मी. माझीच नात हाय ती, नेत्रा, आठ वर्षांची, अंगणात लोळून बोंबलतेय, आणि मी इथं तुमच्याच जेवणाचा नारळ खवतेय. तुमच्या चपला कुंपणापलीकडे फेकल्या ना तिनं? मग तीच आणून देईल, शांत झाल्यावर. तोवर फिरा अनवाणी, नागावला वाळूत चालायलाच आलात ना?

आजी दगडाच्या काळजाची, असंच वाटतंय ना? वाटू दे. पाच शनिवार एसटीनं अलिबागला जाऊन शिकले मी हे – डॉक्टरीणबाईंनी नातीला न्हाय, मला शिकवलं, साठाव्या वर्षी! नुसती आदळआपट असेल तर बघायचं न्हाय, बोलायचं न्हाय, ओरडायचं तर मुळीच न्हाय – विहिरीकडे वळली तर मात्र धावायचं, म्हणून तर अशी तिकडे तोंड करून बसलेय. आणि गोळी? व्हय, देते! रोज सकाळी न्याहारीनंतर, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली, महिन्याला वजन करून. एवढ्याशा पोरीला गोळ्या, म्हणून तुमचा जीव वरखाली – अहो, गोळीनं पोर जरा थांबते, थांबल्यावर तिच्याशी कसं वागायचं ते आपण शिकायचं. दोन शाळांनी हात टेकले होते हिच्यापुढे. आता वर्गात बसते. सगळे तास न्हाय – पण बसते.

आणि तुमचे मिस्टर मघाशी काय म्हणाले? दोन ठेवून द्या, सरळ होईल. दोन? मी दोनशे ठेवल्यात – हिच्या बापाला! स्वप्निल असाच होता, अगदी असाच. सुपारीच्या झाडाला बांधून मारलाय त्याला, आणि आळीतल्या बाया म्हणायच्या, मनुबाई, वळण लावावं तर तुझ्यासारखं. वळण! सोळाव्या वर्षी घर सोडून गेला. अठरा वर्षं पाय न्हाय ठेवला इथं. या दिवाळीला आला तो हिला घेऊन – नवराबायको दोघं नोकरीला, पोरीला सांभाळायला कुणी टिकेना, दुसरा इलाजच न्हाय म्हणून आला – पाणीसुद्धा न्हाय प्यायला. अंगणातूनच म्हणाला, हात उगारलास तर त्याच दिवशी घेऊन जाईन, परत दिसणार न्हाय ती तुला. आईला असं बोलला तो.

हे तुम्हाला कशाला सांगत बसले मी! खवणीवर बसलं की हात गुंतलेले राहतात, एवढंच. अजून शिवशिवतात हो. आज पण. माझीच मला भीती वाटते. – लिहा काय लिहायचं ते मोबाईलवर, एक स्टार द्या, अर्धा द्या, माझी पोर काय मी कोंडून ठेवणार न्हाय पाहुण्यांसाठी –

थांबा. गप्प झाली. उठून बसली बघा, आपली आपण. आता लगेच शाबासकी द्यायची असते, लगेच, तोंड भरून, क्षण गेला की गेला. तिच्या बापाला एकदापण न्हाय दिली मी.

सरका, मॅडम. मधून सरका.