मागचे दोन खिसे

नाही नाही, पोट आत ओढू नका साहेब. सोडा — सैल सोडा, घरी खुर्चीत बसता तसं. टेप लागली की सगळेच ओढतात, तुम्ही काही पहिले नाही. आणि पँट तयार झाली की मलाच म्हणतात, मास्तर, कंबर घट्ट केलीत. मी कशाला घट्ट करू? श्वास रोखून माप दिलंत, आता काय जन्मभर श्वास रोखून बसणार? — हं, आता बरोबर. साडेअडतीस. आणि ही जुनी सदतीसची. म्हणजे सकाळी लागते आणि जेवल्यावर बटण पोटात रुततं, हेच ना? लाजताय काय त्यात! आकडा लक्षात ठेवा हं, आमची ही डबा घेऊन आली की वहीत लिहील. मापं तीच लिहिते, मी नुसता बोलतो. वीस वर्षं झाली, माझं अक्षर मलाच लागत नाही म्हणून. एकला ती येते. आत्ता — पावणेएक. पावणेएक झाले का हो खरंच? तुमच्या घड्याळात किती? — असो.

तर काय सांगत होतो, पोट. अहो, दुकान कपड्यांचं, पण इथं निम्मं बोलणं पोटाचंच चालतं. डॉक्टरकडे जायला माणूस महिना लावतो, आणि इथं टेप कमरेला लागली की आपोआप सुरू होतो. मी मागं उभा असतो, तोंड दिसत नाही, म्हणून असेल. पलीकडच्या शाळेचे हेडमास्तर घ्या — तास सुरू झाला की यांच्या पोटात गुरगुर, पहिल्या बाकापर्यंत ऐकू जाते, म्हणून बिचारे ओरडून शिकवतात. लोकांना वाटतं मास्तर कडक आहेत. कडक कसले, घाबरलेले आहेत! बँकेतल्या मॅडम आहेत, त्यांना दूध सोसत नव्हतं, आणि कळलं कधी तर चाळिशीत. दूध सोडलं, संध्याकाळचं फुगणं गेलं, माझं काम एका पँटनं कमी झालं. एक ट्रक चालवणारे आहेत, दिवसभर बसून बसून तीन-तीन दिवस पोट साफ नाही. ते सीटखाली इसबगोलचा डबा ठेवतात आणि जिथं थांबतील तिथं ट्रकला दोन फेऱ्या मारतात. आणि एक नवरदेव आला होता — तीन वेळा माप घेतलं, तिन्ही वेळा वेगळं, कारण मधे मधे हा पळत होता आमच्या मागच्या संडासात. लग्न झालं आणि पोट थांबलं, म्हणजे बघा. जळजळवाले तर विचारूच नका. कुणी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावतं, कुणी आठाच्या आत जेवतं, कुणी खिशात गोळ्या ठेवतं, त्या गोळ्यांची पाकिटं मला इस्त्री करताना सापडतात. ज्याला त्याला आहे हो काही ना काही. मी तर म्हणतो, ज्याचं पोट कधीच बिघडलं नाही असा माणूस दाखवा, त्याचा सूट मी फुकट शिवतो.

म्हणून तर मी प्रत्येक पँटला मागच्या शिवणीत दीड इंच कापड आत दाबून ठेवतो. दिसत नाही, पण असतं. तुमच्याही आहे, हे बघा, उसवलं की झालं, दहा मिनिटांचं काम. सैल करायला येतात ना, त्यांची मला काळजी नसते. खातात, फुगतात, थोडं चालतात, बरे होतात, परत येतात. आत घ्यायला येतात त्यांची — म्हणजे मुद्दाम वजन उतरवलेल्यांचं नाही म्हणत मी, ते तर मिरवत येतात — काही न करता ज्यांची पँट सैल होते ना — जाऊ द्या. खडू कुठं गेला? आत्ता इथं होता. पडला वाटतं. थांबा, वाकतो जरा — या टेबलाखाली सगळं जातं — सापडला.

काय बघताय?

नाही, तुम्ही बघत होतात. शर्ट वर गेला माझा, तेव्हा. काही नाही हो, जुनी पँट आहे, शिंप्याची पँट कधी धड असते का. मागचे खिसे? जवळ आलेत होय? असेल. तशी पद्धत आहे हल्ली — नाही. नाही हो, कसली पद्धत. तुम्हाला दिसलं म्हणजे कुणालाही दिसेल. मागून कंबर जास्त आत घेतली ना, की दोन्ही खिसे एकमेकांकडे सरकतात. एकदा घेतली तर कळत नाही, दोनदा घेतली तर शिंप्याला कळतं, तिसऱ्यांदा घेतली की असं, दोन बोटं मावतील एवढंच अंतर राहतं. तिसऱ्यांदा मी घेतली ती मागल्या मंगळवारी. घरातल्या सगळ्या पँट घेतल्यात, पाच आहेत. दुपारी ही डबा घेऊन परत गेली की एकेक आणून उसवायची आणि शिवायची. चांगल्या दोन्हींचे तर खिसेसुद्धा काढून लांब लावले, म्हणजे धुताना तिच्या लक्षात येऊ नये. असं काम मी गिऱ्हाइकाचं केलं नाही कधी इतक्या निगुतीनं. आणि शर्ट बाहेर सोडायला लागलो. ती म्हणाली, काय हो, तरुण झालात की काय? हसलो मी. काय करणार, हसलो.

मूळव्याध आहे असं वाटलं मला. रक्त दिसलं की कुणालाही तेच वाटतं ना? वाटतं ना तुम्हालाही? आणि ऐकून ऐकून निम्मा डॉक्टर झालेलो मी, इतक्या लोकांना आहे म्हटल्यावर मलाही असणारच, त्यात काय एवढं! ट्रकवाल्यांचं इसबगोल घेतलं, मॅडमसारखं दूध सोडलं, तिखट सोडलं, चालायला लागलो. एकेक करून सगळ्या गिऱ्हाइकांचे उपाय केले मी साहेब. चार महिने. आणि पँट सैलच होत गेली.

तुम्ही म्हणाल, मग जायचं ना दाखवायला. गेलो की! दाखवलं. डॉक्टरांनी बोटानं तपासलं, वजन केलं, विचारलं घरात कुणाला आतड्याचं काही होतं का? मी म्हटलं नाही. खोटं बोललो. तोंडातून निघून गेलं, आणि मग परत कसं घ्यायचं? वडिलांना होतं. वडीलही शिंपीच, हे मशीन त्यांचंच. त्यांच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या पँट मीच आत घेतल्या, चार वेळा. ते म्हणायचे, जरा सैल झालीय रे, बघ. मी बघायचो. इतक्या सफाईनं घ्यायचो की आईलासुद्धा कळलं नाही माणूस किती वाळलाय. कपडे अंगाला बरोबर बसलेले, म्हणजे माणूस ठीक, असंच वाटतं बघणाऱ्याला. त्यांचे डॉक्टर नंतर म्हणाले, इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? माझ्या आलं होतं ना. टेप माझ्या हातात होती. तेव्हा वही मीच लिहायचो, प्रत्येक वेळी मला आकडा ठाऊक होता आणि मी तो लिहून पान उलटत होतो. हे मी आजपर्यंत कुणाला — बसा ना. बसा, तुमचं उसवतो मी बोलता बोलता.

काय म्हणालात? दुर्बीण? तुमच्यात घातली होती — खालून? कधी? आणि काही निघालं नाही? नुसती सूज? बरं झालं, फार बरं झालं. दुखतं का हो? खरं सांगा, मला धीर द्यायचा म्हणून काही सांगू नका. गुंगी देतात ना? जाग येते तेव्हा लगेच सांगतात का — म्हणजे तोंडावर बघून कळतं का त्यांच्या? मधेच गाठ दिसली तर तिथल्या तिथं काढतात म्हणे. छोटी असेल तर. छोटी म्हणजे केवढी? बटणाएवढी? तुम्हाला कसं ठाऊक असणार, तुम्हाला नव्हतीच. घाबरला होतात? आदल्या दिवशी? मी तर — या हातानं सुईत दोरा एका फटक्यात जातो, आज सकाळपासून चार वेळा चुकलो. घाबरलोय हो मी. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि रस्त्यात लहान मूल हरवतं तसा झालोय.

उद्या आहे माझी. सकाळी साडेनऊला. हा कागद, कात्र्यांच्या खणात आहे दीड महिना. ही तिसरी तारीख — पहिल्या दोन चुकवल्या. पहिल्या वेळी म्हटलं लग्नसराईचं काम आहे, दुसऱ्या वेळी काहीच म्हटलं नाही, फोनच उचलला नाही. या वेळी ठरवलंय. सकाळपासून नुसत्या पाण्यावर आहे, घरी सांगितलं काम आहे, लवकर जातो, खात नाही. आता दोन वाजता ते पोट साफ करायचं औषध सुरू करायचं. तुम्ही प्यायलात ना ते? खारट असतं म्हणे, आणि मग रात्रीपर्यंत धावपळ. आता मला सांगा, दोन खोल्यांचं घर, एक संडास, दोन माणसं — बायकोला कळू न देता हे कसं करायचं? आणि कागदावर खाली लिहिलंय, सोबत घरचं माणूस आणावे. गुंगी असते म्हणून. घरचं माणूस म्हणजे — तुम्ही याल का? नाही, नाही, काहीतरीच बोललो, माफ करा. तुमची पँट सैल करायला आलात तुम्ही, आणि मी —

तिला सांगायला काय होतं, असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही वाटतं. रोज वाटतं. डबा उघडते, समोर बसते, अजून थोडं घ्या म्हणते, आणि मी घेतो. एकदा सांगितलं ना, की ते खरं होईल. आत्तापर्यंत ते फक्त पँटमध्ये आहे. तिनं माझ्याकडे बघितलं की — आईनं वडिलांकडे बघितलं होतं तसं — मला नाही बघायचं ते. नाही बघायचं. पण ते औषध दोनला —

श्श. ऐका. जिना. तीच आहे, तिसऱ्या पायरीवर थांबते नेहमी, गुडघा दुखतो. एक शब्द बोलू नका, माझी शपथ आहे तुम्हाला. नाही — थांबा. जाऊ नका. उठू नका. बसा, नाही, उभे राहा.

ये गं. डबा ठेव तिकडे. उघडू नको, राहू दे. काही झालं नाही, आधी वही घे. हे साहेब आलेत, त्यांचं साडेअडतीस, लिही. आणि खाली अजून एक माप लिहायचंय. — साहेब, ही टेप धरा. अहो धरा ना! चार महिने मला एक वाक्य बोलता आलं नाही, ते आजही येणार नाही. शर्ट मी वर धरतो. बेंबीखाली, हां, मागून सरळ येऊ द्या. आणि बघा, मी पोट आत ओढलेलं नाही, अगदी सैल सोडलंय. — लग्नातलं माझं माप आठवतं ना तुला? छत्तीस. तूच पहिल्या पानावर लिहिलं होतंस. कशाला ते विचारू नको आता, नुसतं लिही. — मोठ्यानं वाचा साहेब. आकडा सांगा, आणि मग तुम्ही जा.