आढ्याची फट

लेक : नुसतं लांबून बघून काय कळणार, बाबा? हात लावा ना.

बाबा : चाळीस वर्षं छपरांच्या शिंगलला हात लावूनच पोट भरलं. आता डोळ्यांनी कळतं.

लेक : सकाळपासून दोन्ही तुकडे एकाच खिडकीबाहेर, एकाच उन्हात ठेवलेत. हा काळा शिंगलचा, हा पांढऱ्या पत्र्याचा. आई, तू तरी लाव हात.

आई : बोटं डिंकाने भरलीयेत, थांब पुसते. अगं आई गं. हा काळा तर तव्यासारखा तापलाय.

लेक : आणि पत्रा?

आई : कोमट आहे. याच्यावर मांजर बसेल.

बाबा : मांजरासाठी छप्पर घालायचं नाहीये आपल्याला. पांढरा आहे म्हणून कोमट. शिंगलही पांढरं मिळतं.

लेक : मिळतं, आणि काळ्यापेक्षा कमीच तापतं, मान्य. पण शिंगल म्हणजे मुळात डांबर आणि दगडाची चुरी. दिवसभर ऊन पीत बसतं आणि दिवस मावळला की सावकाश घरात ओकत राहतं. पत्रा आलेलं ऊन बरंचसं परत पाठवतो, आणि सूर्य कलला की लगेच निवतो.

बाबा : आणि पाऊस आला की डोक्यावर ढोल. पत्र्याखालची माणसं पावसात खुणांनी बोलतात.

लेक : ते गुरांच्या गोठ्याचं झालं. खाली फळ्या आणि मध्ये गादीसारखा थर असला की शिंगलइतकाच आवाज. मी पत्रा घातलेल्या कुठल्याही घरात पावसात जाऊन बसा.

बाबा : गारा पडल्या की पोचे येतात.

लेक : येतात. पण गळत नाही. शिंगलच्या कडा या उन्हात पंधरा वर्षांत वाळक्या पानासारख्या वळतात. पत्रा चाळीस वर्षं हलत नाही.

बाबा : मला काय करायचंय चाळीस वर्षांचं छप्पर? एकाहत्तर झाली मला.

आई : मला चौसष्टच झालीयेत. मला वेगळी धरा.

लेक : हे बघा, मी काही पत्र्याची वकील नाही. गेल्या महिन्यात शाळेतल्या बाईंच्या घराला शिंगलच घातलं. त्यांच्या डोक्यावर केवढं झाड आहे, सावलीतच असतं घर. एखादं शिंगल फाटलं तर तेवढंच बदलता येतं, हेही खरं. पण इथे झाड नाही, बाबा. दुपारभर सगळं ऊन या खोलीवर आणि खोलीत आई.

आई : तुमची वकिली चालू द्या. मी पहिल्या तारखेला जातेय.

लेक : कुठे जातेयस?

आई : यांनी सांगितलं नाही? छापखान्यामागची खोली घेतलीय. माझं दाबयंत्र, सुया, दोरा, पुठ्ठे, सगळं तिकडे. इथे दुपारी डिंक पुठ्ठ्याला लावेपर्यंत सुकतो. परवा वाचनालयाची चाळीस पुस्तकं बांधली, त्यातल्या अकरांची पाठ सुटली. तिथला माणूस इतक्या गोड आवाजात म्हणाला, “बाई, आता वय झालं का?” चष्मा काढून बघितलं मी त्याच्याकडे.

लेक : चष्मा काढल्यावर तुला काय दिसतं?

आई : काही नाही. पण त्याला ते माहीत नव्हतं.

लेक : कामाला जागा घे ना, कोण नको म्हणतंय. पण मग खाली ती खाट का बांधून ठेवलीयेस?

आई : रात्रीसुद्धा ही खोली अकराशिवाय निवत नाही. खाली झोपावं तर यांचं घोरणं. गुडघ्यांमुळे हे वर येत नाहीत, घोरण्यामुळे मी खाली जात नाही. एका घरात दोन बिऱ्हाडं झालीच आहेत. आता दोन घरांत करू.

लेक : बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत?

बाबा : म्हणून तर तुला बोलावलं. आणि आज वर चढून आलोय ना या गुडघ्यांनी? तू असं कर, आहे त्यावरच पांढऱ्या शिंगलचा नवा थर टाक. दोन दिवसांचं काम. उचकटायची भानगड नको.

लेक : आहे त्यावरच?

बाबा : हं.

लेक : आधीच दोन थर आहेत. तिसरा कधी घालायचा नाही, हे मला कुणी शिकवलं? “टोपीवर टोपी घालून डोकं गार होत नाही,” हे कुणाचं वाक्य?

बाबा : गिऱ्हाइकांना सांगायची वाक्यं वेगळी असतात.

लेक : आणि गिऱ्हाइकाच्या घरात शिरल्याबरोबर पहिलं काय करायचं, तेही सांगायचंच होतं फक्त?

बाबा : उगीच फाटे फोडू नकोस.

लेक : आई, तुझ्या त्या पातळ कागदाची एक पट्टी दे.

आई : ही घे. कशाला पण?

लेक : बाबांची रीत. छपराची दोन्ही अंगं जिथे वर मिळतात, त्या आढ्याला एक फट ठेवायची. गार हवा वळचणीतून आत येते, तापलेली हवा आढ्यातून निघून जाते. पाऊस आत येऊ नये म्हणून फटीवर बाहेरून टोपी. मग आतून फटीपाशी कागद धरायचा. हलला तर घर श्वास घेतंय. नाही हलला, तर पत्रा की शिंगल हे बोलायचंच नाही, आधी फट. मला खांद्यावर बसवून माझ्याकडून धरवायचे, आठवतं, बाबा? गिऱ्हाइकं हसायची.

बाबा : इथे कशाला धरतेस? इथे फट आहे. मी ठेवलीय, हे घर बांधतानाच.

लेक : मग हलेल की. आई, स्टूल धर.

आई : धरलंय. जरा बेताने. गेल्या वर्षी त्याचा पाय मीच बांधलाय, पुस्तकाच्या दोऱ्याने.

लेक : नाही हलत.

आई : वारा पडला असेल.

लेक : खिडकीचा पडदा हलतोय. कागद मात्र ढिम्म. थांब, इथे एक फळी आहे. मला लहानपणापासून वाटायचं, ही आढ्याचीच. पण ही नंतर मारलीय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि कडेने पुट्टी भरून वर रंग.

बाबा : खाली उतर. पडशील.

लेक : खिळे चार-चार बोटांवर. एकही वाकडा नाही, प्रत्येकाचं डोकं लाकडात बुडवलेलं. बाबा, असे खिळे मारणारा मला एकच माणूस माहीत आहे.

आई : अहो?

बाबा : उतर म्हटलं ना.

लेक : उतरले. आता बोला.

बाबा : तू दीड वर्षाची होतीस. हिवाळा होता. वाऱ्याने ती फट शिट्टी वाजवायची. बारीक, लांब. तू दचकून उठायचीस आणि काळीनिळी होईपर्यंत रडायचीस. म्हटलं, एवढा हिवाळा बंद करू. उन्हाळ्याच्या आत काढू.

लेक : एवढा हिवाळा म्हणजे बत्तीस वर्षं झाली.

बाबा : विसरलो गं. त्या वर्षी कामं फार होती. लोकांची छपरं घालत सुटलो होतो.

आई : आणि मी पहिल्याच उन्हाळ्यात म्हटलं होतं की खोली एकदम तापायला लागली.

बाबा : तू म्हणालीस. मी म्हटलं, यंदा ऊनच तसं आहे.

आई : दर वर्षी ऊनच तसं होतं.

लेक : आणि आठवलं कधी?

बाबा : दुसरा थर घालताना. म्हणजे तेरा वर्षांनी. आढ्यावर बसून टोपी काढली, खाली हात घातला. तिथून कढत वाफ यायला हवी. काहीच नाही. मग लख्ख आठवलं. रंगाचा डबा कुठे ठेवला होता तेसुद्धा आठवलं.

लेक : मग?

बाबा : टोपी परत बसवली. खाली आलो. हिने विचारलं, झालं का? म्हटलं, झालं. जेवलो.

आई : जेवलात.

बाबा : तेरा उन्हाळे तू डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसली होतीस. फळी काढायची तर ते सगळं सांगावं लागलं असतं. म्हटलं, पुढच्या महिन्यात तू बहिणीकडे गेलीस की गुपचूप काढतो. तू गेली नाहीस. मग चौदा झाले, मग वीस. जितके उन्हाळे जास्त, तितकी ती फळी जड होत गेली. मग गुडघे गेले, तेव्हा बरंच वाटलं. आता वर चढताच येत नाही, असं स्वतःला सांगता आलं.

लेक : आणि लोकांच्या घरात कागद धरत राहिलात.

बाबा : त्यांच्या घरात हलायचा ना.

लेक : म्हणून पत्रा नको. सगळं उचकटलं असतं तर मला दिसलं असतं.

बाबा : तुला दिसलं असतं तर एक वेळ चाललं असतं. तू कारागीर आहेस, चूक समजून घेशील. हिला कळायला नको होतं.

आई : मला एक सांगा. त्या शिट्टीचं तुमच्या डोक्यात आलं, की मी सांगितलं होतं?

बाबा : जाऊ दे ना.

आई : मला आठवतंय. पोरीला मांडीवर घेऊन मीच म्हटलं होतं, काहीतरी करा त्या छपराचं, नाहीतर मी हिला घेऊन माहेरी जाते.

बाबा : म्हणाली असशील.

आई : असशील काय. मग इतक्या वर्षांत हे बोलून का नाही दाखवलंत? अर्धी चूक माझ्या पदरात घालून मोकळे झाला असतात.

बाबा : सुचलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा.

आई : मग?

बाबा : तू घामाने निथळत जिना उतरायचीस. तेव्हा ओठांवर यायचं आणि परत जायचं.

लेक : आई, काय करायचं ते तू सांग. ही खोली तुझी आहे.

आई : मी इतक्यात काही माफबिफ करणार नाहीये. बत्तीस वर्षांचं एका दुपारी उरकत नाही. आधी ती फळी काढा.

लेक : मी काढते.

आई : तू नको. ज्याने मारली तो काढेल.

बाबा : या गुडघ्यांनी?

आई : मी कंबर धरते. पोरगी स्टूल धरेल. पडलात तर दोघींच्या अंगावर पडाल, तेवढी मऊ जागा आहे.

बाबा : खिळे उपटायची हातोडी दे गं. ती नको, माझी. लाकडी दांड्याची.

(फळीचे खिळे एकेक करून निघतात. रंगाचे पोपडे तिघांच्या डोक्यांवर पडतात.)

लेक : हळू. तो शेवटचा गंजलाय.

बाबा : गंजला तरी सरळ आहे बघ. हं. धर फळी.

लेक : ही शिट्टी?

बाबा : हीच.

लेक : एवढीशी? हिला घाबरायचे मी?

बाबा : तेव्हा तूही एवढीशीच होतीस. बघ, हात लाव इथे. सगळी वाफ चाललीय बाहेर. बत्तीस वर्षांची.

लेक : आता तरी सांगा, बाबा, वर काय घालू?

बाबा : पत्रा घाल. पांढरा. दोन्ही जुने थर काढून, खाली गादीचा थर, वर पत्रा. नुसत्या फटीने भागणार नाही, माथ्यावर झाड नाही म्हणालीस ते बरोबर आहे. टोपी मात्र मी इथे असताना बसव. मी खालून कागद धरेन.

लेक : आणि आई, छापखान्यामागची खोली?

आई : एका महिन्यासाठी सांगितलीय, तर महिनाभर जाईन. तुमची ठोकाठोकी चालू असताना इथे कोण बसेल? छप्पर झाल्यावर बघू, डिंक काय म्हणतो ते.

बाबा : आणि खाट?

आई : बांधलीय ती चांगली बांधलीय. लगेच सोडणार नाही. अहो, आता उतरा खाली, कंबर अवघडली माझी. आणि तो खिडकीतला तुकडा द्या इकडे.

बाबा : कुठला? शिंगलचा की पत्र्याचा?

आई : जड असेल तो. माझी पानं उडायला लागलीत.